गळ्याखाली घास उतरेना

गोंदियाजवळच्या कामठ्याला आमच्या घरी अधूनमधून अनोळखी माणसं येतात. ओसरीवर बसतात, धानाचं, पाण्यापावसाचं बोलतात आणि मग हळूच विचारतात, "तुमचं गळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे?" कोणाच्या भावाला, कोणाच्या बापाला जेवण उतरत नसतं. मी सदरा वर करून पाठीपासून बरगडीखाली आलेली खूण दाखवतो. ती पाहून त्यांच्या चेहऱ्यावर थोडी हुशारी येते. हा वाचला म्हणजे आपलाही वाचेल, असं त्यांना वाटतं. मी तसं म्हणत नाही. माझ्यासोबत त्या वॉर्डात जे होते त्यातले बहुतेक गेले. तरी ज्यांच्यावर ही पाळी आली आहे त्यांना पुढचं थोडं ठाऊक असावं म्हणून लिहितो आहे. औषधांची नावं मला येत नाहीत. जे भोगलं ते सांगता येईल.

*

मी तेंदूपत्त्याच्या फडीवरचा मुन्शी होतो. फडी म्हणजे जंगलातली मोकळी जागा. बायामाणसं पहाटे पानं तोडून आणतात, त्यांचे पुडे बांधतात आणि तिथं उन्हात वाळत घालतात. ते पुडे पारखून घ्यायचे, वाळले की पोत्यांत भरून गोंदियाच्या बिडी कारखान्याला पाठवायचे, हे माझं काम. उन्हाळा लागला की माझा मुक्काम दरेकशाच्या डोंगरात. घरी बायको जानकी, दोन मुली आणि शेती पाहणारा थोरला भाऊ. त्याला मी दादा म्हणतो.

फडीवर बिडीला तोटा नव्हता. कारखान्याचा माणूस आला की कट्टेच्या कट्टे ठेवून जायचा. डोळे उघडले की तोंड धुण्याआधी पहिली बिडी, आणि मग दिवसभर एकीवर दुसरी पेटायची. दिवस मावळला की मोहाची दारू. पाणी न घालता. ती छातीतून जाळत जायची आणि त्या जळण्यालाच आम्ही मजा म्हणायचो. सकाळी पेज, तीही चुलीवरून उतरल्याबरोबर, ओठ पोळतील अशी. रात्रीचा भात मिरचीच्या ठेच्याशी नाहीतर सुक्या मासोळीशी. चारोळीची फळं, टेंभरं आजूबाजूला झाडांना लागलेली असायची, पण ते पोरांचं खाणं. भाजीपाला कोण तिथं नेणार? महिनेच्या महिने असे जायचे. घरी आलो तरी जिभेला तेच लागायचं. जानकीनं लाखोरीची नाहीतर अंबाडीची भाजी केली तर मी ताट सरकवायचो.

अंगानं मी दणकट होतो. पोतं एकट्यानं उचलायचो. दारू आपल्याला पचते असं मी चारचौघांत सांगायचो.

*

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. दिवाळी सरली होती. नव्या तांदळाचा भात केला होता, त्याचा वास ओसरीपर्यंत आला होता. दुसराच घास छातीच्या मधोमध अडकला. पाणी प्यायलो तर पाणीही घासावर उभं राहिलं. डोळ्यांत पाणी आलं. मग काहीतरी सरकलं आणि घास गेला. ठसका लागला म्हणालो.

पुढं पुढं भाकर अडकू लागली, मग भात, मग मऊ शिजवलेला भातसुद्धा. मी ताटावर बसायचं टाळू लागलो. बाहेरच खाऊन आलो म्हणायचो, पोट बिघडलं म्हणायचो. एक गोष्ट मात्र सुरळीत उतरायची, ती म्हणजे दारू. जेवण जात नाही, निदान ही तर जाते, असं म्हणत मी आणखी पिऊ लागलो. पोटात अन्न नाही आणि वरून दारू. लोकांना वाटलं, मुन्शी दारूनं वाळला.

जानकीलाही तसंच वाटलं. एका दुपारी तिनं माझ्यापुढं ताट आदळलं.

"तुमी काऊन नाई जेवून राहिले? माह्या हातचं गोड नाई लागत का आता?"

"जाते कुठं व घास? उतरत नाई."

"दारू उतरते, अन्‌ भात नाई उतरत?"

मी ताटातला घास उचलला आणि तिच्यासमोर गिळायला गेलो. तो अडकला. मी अंगणात ओणवा झालो. घास उलटून आला तेव्हा त्याच्यासोबत रक्ताचा धागा होता. जानकीनं तो पाहिला. त्यानंतर ती दारूवरून भांडली नाही.

वैद्यानं तूप पाजलं. कोणी करणी सांगितली, तर दादानं उताराही करून पाहिला. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच पहिल्यांदा सांगतो. गळ्यात घास अडकू लागला तर तुपात आणि उताऱ्यात दिवस घालवू नका. माझे फार दिवस त्यात गेले.

*

दादा मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गाडीत मी केळं कुस्करून दुधात घेतलं, तेही परत आलं.

तिथं चुन्यासारखं पांढरं, घट्ट औषध प्यायला लावलं आणि काचेमागं उभं करून ते कसं खाली जातं ते पाहिलं. नंतर मान मागं लोंबकळत ठेवून घशात लोखंडी नळी घातली. जबडा फाटतो की काय असं झालं. त्या नळीतून त्यांनी आतला तुकडा काढला. त्याचा निकाल यायचा होता तेवढे दिवस आम्ही धर्मशाळेत राहिलो. मी दादाला रोज म्हणायचो, "गाठ असन गा साधी." दादा हो म्हणायचा.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी दोघांनाही खुर्चीवर बसवलं. चष्मा लावलेला, थकलेला माणूस. त्यांनी आधी प्रश्नच विचारले.

"दारू पिता?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "नाई साहेब. आमच्या घरात कोणी शिवत नाई."

"बिडी?"

"कधीमधी. पाहुणे आले त एखादी."

डॉक्टरांनी माझी बोटं पाहिली. ती हळदीसारखी पिवळी झाली होती. ते दादाला म्हणाले, "मी पोलीस नाही हो. यांना काय झालंय ते मला ठाऊक आहे. यांच्या छातीला आणि काळजाला काय सोसवेल ते मला ठरवायचं आहे. खरं सांगा."

दादाची मान खाली गेली. घरची अब्रू जपायला तो खोटं बोलला होता. मी सगळं सांगितलं. मोहाची किती, पाणी घालून की नुसती, बिडी किती, पेज किती गरम, भाजी खातो की नाही. असले प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारले नव्हते.

मग ते म्हणाले, "अन्ननळीचा कॅन्सर आहे."

हा शब्द मी ऐकला होता. कारखान्यातल्या एका बाबूच्या बायकोला छातीत झाला होता आणि ती गेली होती. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिलो. एकच वाटलं, हा पेला उचलून घटाघटा पिता आला असता तर.

"दारूनं झाला का?" दादानं विचारलं.

"ज्यांना दारू आणि बिडी दोन्ही आहेत त्यांच्यात हा आम्हाला जास्त दिसतो. एक दुसऱ्याला जोर देते. चहा, पेज पोळेपर्यंत गरम घेणं, ताजी भाजी-फळं न खाणं, यांचाही हात असावा असं आम्हाला वाटतं. पण पिणाऱ्या सगळ्यांना होत नाही, आणि न पिणाऱ्यालाही झालेला मी पाहिला आहे. यांना नेमका कशानं झाला ते कोणीच सांगू शकणार नाही."

बाहेर आल्यावर दादा व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा राहिला. मला वाटलं रडतो आहे. पण तो रागावला होता.

"किती सांगतलं तुले, गोविंदा. किती सांगतलं." मग लगेच म्हणाला, "चाल. तुले दूध पाहू कुठं भेटते ते."

*

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर तिरोड्याकडचे एक गुरुजी होते. वय पन्नाशीच्या पुढं, अंगावर स्वच्छ धोतर-सदरा, उशाशी घडी केलेला पंचा. दुखणं तेच. त्यांना आता पाणीही उतरत नव्हतं, म्हणून पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली होती. त्यांच्या पत्नी दिवसभर खाटेजवळ असायच्या. नळीला नरसाळं लावून त्या हळूहळू दूध, गाळलेली पेज ओतायच्या. सगळे त्यांना काकू म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

वॉर्डाचा दिवस वासांचा होता. सकाळी फिनाईल. मग दुसऱ्या रुग्णांचे डबे उघडले की वरणाचा, फोडणीचा वास. त्या वेळी आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करायचो. गुरुजी थुंकीही गिळू शकत नव्हते. एका डब्यात थुंकत राहायचे आणि दर वेळी पंच्यानं ओठ टिपायचे. एवढ्या वेदनेतही त्यांना तोंड अस्वच्छ ठेवणं जमत नसे.

गुरुजींनी कधी दारूला, बिडीला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी त्यांनाही तेच प्रश्न विचारले होते. उकळता चहा तेवढा ते प्यायचे, शाळेत जाण्याआधी उभ्या उभ्या, आणि जेवणात तिखट लागायचं. हे डॉक्टरांनी लिहून घेतलं, त्याचा अर्थ काकूंनी आपल्या परीनं लावला. एकदा डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

"साहेब, मी भाजीत मिरची जास्त टाकत होती. माह्या हातानं झालं काय हे?"

डॉक्टर घाईत होते. "तसं नसतं बाई," एवढं म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. काकू तशाच उभ्या राहिल्या. गुरुजींनी खुणेनं त्यांना बसायला सांगितलं, पण त्या बसल्या नाहीत.

*

ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवायला मोठे सर्जन आले. विलायतेत शिकून आलेले. त्यांनी माझं सगळं पाहिलं आणि म्हणाले, करून पाहू. गुरुजींचं पाहिलं आणि कागद परत ठेवून पुढं गेले. रोग छातीच्या आत दुसरीकडे पसरला होता. कापून काढण्यासारखा राहिला नव्हता.

त्या संध्याकाळी गुरुजींनी मला जवळ बोलावलं. आवाज घोगरा, कुजबुजल्यासारखा.

"तू प्यायलास," ते म्हणाले. "जन्मभर प्यायलास. बिड्या ओढल्यास. मी एक सुपारी खाल्ली नाही. आणि टेबलावर तुला घेणार."

मी म्हणालो, "गुरुजी, मी वाचन असंही कोणी म्हटलं नाई."

"पण तुला विचारलं तरी." त्यांनी तोंड फिरवलं. काकू पलीकडे बसून वातीचा कापूस पिंजत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी काकूंकरवी मला एक लिंबू पाठवलं. हुंगायला. ऑपरेशनच्या आधी मळमळतं म्हणून.

*

जानकी भेटायला यायची तेव्हा पॅसेंजरनं यायची आणि परत जायची. मुली लहान, आणि घर तिच्यावर आलेलं. ती दिवसभर अंगणात बसून बिड्या वळायची. ज्या पानांवर माझं आयुष्य गेलं त्याच पानांत तंबाखू भरून, दोरा बांधून, संध्याकाळी कारखान्याच्या माणसाकडे द्यायची. आमचं घर त्यावर चाललं होतं. हे मी लिहितो, कारण लोक मला म्हणतात, सोडून द्यायला सांगा बायकोला. आमच्याकडे घराघरांत बिडी वळतात. सोडून काय करायचं ते कोणी सांगत नाही.

ऑपरेशनच्या आधी आली तेव्हा तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता. मला बिडी सोडून बरेच दिवस झाले होते आणि माझा जीव एका झुरक्यासाठी तडफडत होता. मी तिचा तळहात नाकाशी धरला आणि छाती भरून श्वास घेतला. एकदा, पुन्हा एकदा.

तिला आधी वाटलं मी मायेनं करतो आहे. मग तिला कळलं.

"तुमी माहा हात हुंगून राहिले," ती म्हणाली, आणि हात काढून घेतला.

ती व्हरांड्यातल्या नळावर गेली. परत आली तेव्हा हात लाल झाले होते, राखेनं घासले होते तिनं. त्यानंतर वॉर्डात येताना ती कोपरापर्यंत हात धुऊन यायची. तरी वास जायचा नाही. आणि मी खोटं कशाला लिहू, तो वास येईल म्हणून मी तिची वाट पाहायचो. मरण समोर दिसत असताना ही तलफ सुटत नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल, पण ज्याला लागलेली असते त्याला कळेल.

*

ऑपरेशनला रक्त लागणार होतं. आमच्याकडे तेव्हा रक्त द्यायला लोक भीत. रक्त दिलं की माणूस खंगतो, म्हणायचे. दादा एक दिवस गायब झाला. संध्याकाळी आला तो दंडाला पट्टी बांधून.

"हे काय?"

"काई नाई. सुई टोचली."

पुढं कधी त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

ऑपरेशनचं मला आठवत नाही. नंतरचं आठवतं. छाती उघडून, अन्ननळीचा सडलेला भाग काढून, पोट वर ओढून जोडलं होतं. श्वास घेतला की बरगड्यांत सुरी फिरायची. खोकायचं नाही असं वाटायचं आणि नर्स खोकायलाच लावायची, नाहीतर छातीत पाणी भरेल म्हणून. मी तिला शिव्या दिल्या. ती केरळकडची होती, तिला कळल्या नसतील असं मी धरून चाललो आहे. तिनं माझ्या पाठीला आधार धरून मला पुन्हा खोकायला लावलं. ताप चढला. दोनदा सगळ्यांनी आशा सोडली होती, हे मला नंतर दादानं सांगितलं.

मग एका सकाळी त्याच नर्सनं चमच्यानं पाणी पाजलं. ते खाली गेलं. अडलं नाही, परतलं नाही. थंडपणा कुठवर गेला ते मला आतून जाणवलं. मी शेजारच्या खाटेकडे वळून पाहिलं, गुरुजींना सांगायला. तिथं दुसराच माणूस होता. गुरुजींना घरी नेलं होतं. घरच्या अंगणात जाऊ द्या, असं ते स्वतःच म्हणाले होते. माझ्याशी निरोपाचं बोलणं राहिलं.

*

मी घरी आलो तो अर्धा होऊन. उताणं झोपता येत नाही, झोपलो तर आंबट पाणी तोंडात येतं. एका वेळी मूठभर खातो, पुन्हा थोड्या वेळानं मूठभर. दारू गेली, बिडी गेली, फडीवरची मुन्शीगिरीही गेली. दादाच्या बांधावर बसून राखण करतो. पेज निववून पितो. जानकी करेल ती भाजी खातो, आणि ती परसात लाल भाजी, वालाच्या शेंगा लावते. तलफ अजून येते. जानकी अंगणात बिड्या वळत असते तेव्हा मी मागच्या परसात जाऊन बसतो.

चालता येऊ लागल्यावर मी तिरोड्याला गेलो. गुरुजी गेल्याचं गोंदियाच्या स्टेशनवर कळलं होतं. तरी गेलो. घर शाळेजवळच होतं, शेणानं सारवलेलं. दुपारची वेळ होती. काकूंनी मला ओळखलं आणि दारातच थांबल्या.

"तुमी वाचले, मुन्शीजी."

"हो."

त्यांनी पाट दिला. गुरुजींचं शेवटचं सांगितलं. फार त्रास झाला होता. सांगताना त्या रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरात मिरची आणत नाई मी आता. फोडणीबी देत नाई. एकटीपुरता भात शिजवते अन्‌ मीठ टाकून खाते. तो डॉक्टर तिखटाचं काऊन विचारत होता, ते तुमाले काई सांगतलं काय?"

मी त्यांच्यापुढं खोटं बोलू शकलो असतो. "काकू, त्याईलेच ठाऊक नाई," मी म्हणालो. "मले स्वतः म्हणाले, कोणाले नेमकं कशानं होते ते सांगता येत नाई. माही दारू होती, बिडी होती. गुरुजीचं काईच नव्हतं. साऱ्या गावाच्या घरात तिखट आहे. मंग सारं गाव बसलं असतं गळा धरून."

त्यांनी विचारलं, "तुमी आता सारं गिळता?"

"हळूहळू. पण गिळतो."

"जेवता काय? माह्या हातचं?"

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग शेजारणीकडे काहीतरी मागायला गेल्याचा. बऱ्याच वेळानं भात, वरण आणि वांग्याची भाजी आली. भाजीला फोडणी होती. शेजारणीकडून मिरची आणली होती त्यांनी.

त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, अगदी जवळ, आणि माझ्या गळ्याकडे पाहू लागल्या. मी भात आणि भाजी कालवून लहान घास केला, खूप वेळ चावला आणि गिळला.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"अडला नाई?"

"नाई अडला, काकू."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं ते पुसले, पण नजर माझ्या गळ्यावरून हलवली नाही. प्रत्येक घासाला त्यांच्या स्वतःच्या गळ्यात काहीतरी हलत होतं. मी थांबलो की त्या विचारायच्या, आणि मी गेला म्हणून सांगायचो. त्यांनी आणखी भात वाढला, मग आणखी भाजी. माझं पोट चार घासांत भरत होतं, छाती ठणकू लागली होती.

मी ताटातलं सगळं जेवलो.